छोट्या फौंड्रीने कुणाला विचारावं? धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंतच्या पट्ट्यात काही तरुण वडिलांची फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना, हातात घेतात, तर काही नोकरी सोडून भाड्याच्या शेडमध्ये मोल्डिंग मशीनं टाकतात. भांडवल, वीज, ऑर्डर, उधारी यांचा हिशेब सगळेच मांडतात. माहितीचा हिशेब मात्र सहसा कुणी मांडत नाही. साच्याच्या वाळूत पाणी किती ठेवायचं, रायझर (गोठताना आकसणाऱ्या भागाला जादा धातू पुरवणारी जागा) कुठे द्यायचा, नवा बाइंडर (वाळू बांधून ठेवणारा पदार्थ) घ्यायचा की नाही, हे आपण कुणाच्या सांगण्यावरून ठरवतो? वडिलांच्या, जुन्या मेस्त्रीच्या, माल विकायला आलेल्या माणसाच्या, की शेजारच्या शेडवाल्याच्या? या प्रश्नाचं उत्तर नफ्यातोट्यात दिसतं, फक्त ताळेबंदात त्याचा वेगळा रकाना नसतो.

इथलं उदाहरण फौंड्रीचं आहे. मशीन शॉप किंवा फळप्रक्रियेचा कारखाना असेल तर नावं बदलतील, पायऱ्या बहुतेक त्याच राहतील.

सुरू करण्याआधी दोन अभ्यास माहीत असलेले बरे. केल्ड लॉरसन आणि अ‍ॅमन साल्टर या दोघांनी २००६ साली ब्रिटनमधल्या २,७०७ उत्पादक कंपन्यांची आकडेवारी तपासून एक शोधनिबंध लिहिला. ग्राहक, पुरवठादार, स्पर्धक, विद्यापीठं, प्रयोगशाळा, प्रदर्शनं, मानकं अशा १६ बाहेरच्या स्रोतांपैकी कोणती कंपनी किती स्रोत वापरते आणि नव्या उत्पादनांत तिला किती यश येतं, हे त्यांनी ताडून पाहिलं. स्रोत वाढले तसं यश वाढलं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे ते घसरू लागलं. सगळ्यांचं ऐकणारी कंपनी कुणाचंच नीट ऐकू शकत नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. दुसरा अभ्यास १९९० चा, वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेविन्थल यांचा. त्यांचं म्हणणं असं की बाहेरचं ज्ञान ओळखणं, पचवणं आणि वापरणं ही कंपनीची एक वेगळी ताकद असते, आणि ती कंपनीला आधीपासून काय येतं यावर अवलंबून असते. ज्याला आपल्या वाळूतला ओलावा मोजता येत नाही, त्याला जगातला सर्वोत्तम सल्लागारही फारसा उपयोगी पडत नाही.

म्हणून पहिली पायरी शेडच्या आतली.

पायरी १: रिजेक्शनची वही सुधारा

बहुतेक छोट्या फौंड्रीत रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या कास्टिंगचा (ओतलेल्या भागांचा), एकच आकडा असतो. महिन्याला सात टक्के, आठ टक्के, बस. या आकड्यावरून कुणालाही काही सांगता येणार नाही. वहीत निदान एवढं हवं: पार्ट कोणता, हीट नंबर (भट्टीच्या कोणत्या घाण्यातला धातू), पाळी, दोष कोणता आणि तो कुठे सापडला, आपल्या फेटलिंगमध्ये (कास्टिंग साफ करताना) की ग्राहकाकडे मशीनिंग झाल्यावर. हा शेवटचा रकाना सोडू नका. आपल्याकडे सापडलेलं खराब कास्टिंग परत भट्टीत जातं. त्यात वितळवण्याची वीज, वाळू, मजुरी आणि साच्याचा वेळ वाया जातो, धातू मात्र बराचसा हातात राहतो. तेच ग्राहकाकडे सापडलं तर त्याच्या मशीनिंगचा खर्च, वाहतूक, डेबिट नोट आणि पुढच्या ऑर्डरचा भाव, सगळं अंगावर येतं. दोन्ही एकाच टक्केवारीत घातले तर सुधारणा झाली की नाही हेच कळणार नाही.

दोषाचं नाव लिहिताना घाई नको. भोक दिसलं की ‘ब्लो होल’ लिहून मोकळं व्हायची सवय सर्वत्र आहे. पण गुळगुळीत आतल्या पृष्ठभागाचं वायूचं भोक, पृष्ठभागालगतची बारीक पिन होलं, आणि जाड भागात आतून खडबडीत राहिलेलं श्रिंकेज (धातू आकसल्याने पडलेली पोकळी) यांची कारणं निरनिराळी आहेत. पहिल्यासाठी वाळूचा ओलावा, कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) आणि व्हेंट (वायू निघायची वाट) तपासावे लागतील, तिसऱ्यासाठी रायझर आणि धातूची रचना. संशय असेल तेव्हा कास्टिंग कापा, फोटो काढा, वहीला लावा. बाहेरच्या माणसाकडे जाताना हीच वही तुमचा प्रश्न असते.

पायरी २: आतल्या माणसांना मशीनपाशी विचारा

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित ज्ञान हेच आहे.

एक नेहमीचा प्रकार सांगतो. मशीन शॉपमधून तक्रार येते की काही कास्टिंग ‘हार्ड’ लागतात, टूल तुटतं. सगळी नाही, काहीच. मालक केमिस्ट्रीचा रिपोर्ट काढतो तर रिपोर्ट ठीक असतो. इकडे लॅडलवर, म्हणजे वितळलेला धातू ओतायच्या भांड्यावर, काम करणाऱ्याला माहीत असतं की एका लॅडलमधून शेवटचे बॉक्स (साचे) भरेपर्यंत बराच वेळ जातो. त्याला ती गोष्ट सांगण्यासारखी वाटत नाही, कारण हे रोजचंच आहे. पण ग्रे आयर्नमध्ये (नेहमीच्या ओतीव लोखंडात) ग्रॅफाइट नीट तयार व्हावं म्हणून टाकलेल्या इनॉक्युलंटचा परिणाम मिनिटामिनिटाने उतरत जातो. दहा-पंधरा मिनिटांत तो बराचसा गेलेला असतो. मग पातळ कडांना चिल येतो, म्हणजे तिथे ग्रॅफाइट न होता कठीण पांढरं लोखंड तयार होतं, आणि टूल तिथेच तुटतं. उत्तराचा अर्धा भाग लॅडलवाल्याकडे होता आणि अर्धा मशीन शॉपकडे. दोघं एकमेकांशी कधी बोललेच नव्हते.

म्हणून ओतण्याच्या क्रमाने बॉक्सना नंबर द्या आणि लॅडल भरल्याची व शेवटचा बॉक्स ओतल्याची वेळ लिहा. हे करायला पैसे लागत नाहीत. पहिले आणि शेवटचे बॉक्स वेगळे ठेवून मशीनिंगला पाठवले की शंका फिटते.

विचारायची जागाही महत्त्वाची. केबिनमध्ये बोलावलं तर मेस्त्री ‘सगळं बरोबर आहे साहेब’ म्हणणार. साच्यापाशी उभं राहून ‘मामा, हा पार्ट तुम्ही का असा ठोकता?’ असं विचारलं तर तो अर्धा तास बोलेल. आणि त्याने सांगितलेलं कागदावर आलं पाहिजे. मेस्त्री निवृत्त झाला किंवा समोरच्या शेडने दोन हजार जास्त देऊन उचलला, तर त्याच्याबरोबर तुमची निम्मी पद्धत जाते. कोल्हापूरच्या पट्ट्यात हे सारखं घडतं आणि दर वेळी मालकाला आश्चर्य वाटतं, याचंच मला आश्चर्य वाटतं.

पायरी ३: ग्राहकाकडे जाऊन त्याचं मशीन बघा

ग्राहकाची रिजेक्शन स्लिप काय झालं ते सांगते. का झालं ते तिच्यात नसतं. त्यासाठी त्याच्या मशीन शॉपमध्ये जायला हवं: तो कास्टिंग कुठे पकडतो, पहिला कट कुठून घेतो, कुठल्या भागावर दाब येतो. अनेकदा आपण जिथे जिवाचं रान करतो तो पृष्ठभाग त्याच्या कामाचा नसतो, आणि जिथे दुर्लक्ष करतो तिथे त्याची ऑइल गॅलरी (तेलाची वाट) जाते. मोठ्या ग्राहकांकडे पुरवठादारांची गुणवत्ता बघणारा इंजिनिअर असतो. नवे लोक त्याला तपासनीस समजून टाळतात. त्याला चार प्रश्न विचारले तर तो शिक्षक होतो, आणि त्याचा पगार ग्राहक देत असतो.

जपानमध्ये टोयोटाने हे पद्धतशीर केलं. तिच्या पुरवठादारांची क्योहोकाई ही संघटना १९४३ पासून आहे, आणि १९७० च्या दशकात पुरवठादारांचे जिशुकेन नावाचे अभ्यासगट सुरू झाले. एका कारखान्यातला प्रश्न घ्यायचा, इतर कारखान्यांतल्या लोकांनी तिथे जाऊन तो सोडवायचा, मग पुढच्या कारखान्यात जायचं. मदत घेतली की आपलं दार इतरांना उघडायचं, हा त्यातला अलिखित करार. आपल्याकडे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना अ‍ॅक्मा अशाच धर्तीवर क्लस्टर कार्यक्रम चालवते: काही कंपन्या, एक मार्गदर्शक, आणि एकमेकांच्या शॉप फ्लोअरवर जाणं. तुमचा ग्राहक अशा कार्यक्रमात असेल तर आपलं नाव घालायला सांगा.

पायरी ४: पुरवठादाराचं ऐका, पण ट्रायल तुमची

बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती), कोळसा पूड, रेझिन, इनॉक्युलंट, फिल्टर विकणाऱ्या कंपन्यांचा तांत्रिक माणूस महिन्याभरात कितीतरी फौंड्र्या फिरतो. शेजाऱ्यांच्या शेडमध्ये काय चाललंय ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तो फुकट येतो, चहा घेतो, वाळूचा नमुना नेतो, रिपोर्ट देतो. फक्त त्याच्या प्रत्येक सल्ल्याचा शेवट त्याच्या पिशवीतल्या मालावर होतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याची नोकरीच ती आहे.

त्याला एक प्रश्न जरूर विचारा: ‘हे कुठल्या प्रकारच्या फौंड्रीत चाललं नाही?’ जो सरळ उत्तर देतो तो ठेवण्यासारखा. मग ट्रायल घ्या, पण एका वेळी एकच बदल. पार्ट ठरलेला, बॉक्सची संख्या ठरलेली, त्याच पाळीत जुन्या पद्धतीचे तितकेच बॉक्स शेजारी. बेंटोनाइट बदललं, त्याच आठवड्यात मोल्डरही बदलला आणि पाऊसही थांबला, तर रिजेक्शन कशाने कमी झालं हे कुणालाही सांगता येणार नाही. बिल मात्र बेंटोनाइटचं येत राहील. शिवाय त्याच्या प्रयोगशाळेत गेलेला नमुना एकदा तरी दुसरीकडे तपासून घ्या.

पायरी ५: शेजारी

एकाच धंद्याचे शेकडो कारखाने जवळजवळ असण्याचा फायदा हाच, की पॅटर्नवाला (साच्यासाठी नमुना बनवणारा), मशीनवाला, भट्टीचा अस्तरवाला सगळे हाकेच्या अंतरावर असतात आणि बातमी चहाच्या टपरीवर येते. गोशिमा (गोकुळ शिरगाव), स्मॅक (शिरोली) यांसारख्या कारखानदारांच्या संघटना आहेत. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन ही १९५० साली स्थापन झालेली देशपातळीवरची संस्था आहे आणि तिची कोल्हापुरात शाखा आहे. सदस्य व्हा आणि तांत्रिक व्याख्यानांना जा. व्याख्यानापेक्षा नंतरच्या जेवणात जास्त कळतं. भाव कुणी सांगणार नाही आणि विचारूही नका. वाळूचे, भट्टीच्या अस्तराचे, दुरुस्तीवाल्याचे अनुभव मात्र लोक मोकळेपणाने देतात. पण आधी आपला एखादा अनुभव सांगायला हवा. फक्त घेणाऱ्याला दुसऱ्या भेटीत गोड बोलून वाटेला लावतात.

शेजाऱ्यांच्या ज्ञानाचा एक धोका आहे आणि तो छोटा नाही. सगळे एकमेकांनाच विचारत असले की सगळे एकदमच चुकतात. याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण फौंड्रीतलं नाही, द्राक्षांतलं आहे. नाशिक-सांगलीचे बागायतदार हे देशातल्या सर्वात जाणकार शेतकऱ्यांपैकी. एकमेकांच्या बागा बघणं, चर्चासत्रं, संघ, सल्लागार, सगळं त्यांच्याकडे होतं. वेलीची वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या भाषेत सीसीसी, वापरायची रीतही सगळ्यांना पाठ होती, आणि बागेत ती उपयोगीच होती. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या द्राक्षांत याच रसायनाचे अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, निर्यातदारांचे आणि त्यांच्यामागे बागायतदारांचे पैसे बुडाले. बागेविषयीचं ज्ञान भरपूर होतं. कमी पडलं ते बाजाराच्या नियमांविषयीचं, आणि ते कुठल्याही शेजाऱ्याकडे नव्हतं, कारण शेजारीही त्याच वर्तुळातला. त्यानंतर अंश तपासणी आणि परवानगी असलेल्या रसायनांची यादी हा निर्यातीच्या तयारीतला आणखी गंभीर विषय झाला.

फौंड्रीवाल्याने यातून घ्यायचं ते एवढंच: ज्या प्रश्नाचं उत्तर ग्राहकाच्या देशात, कायद्यात किंवा मानकात आहे, तो टपरीवर विचारू नका.

पायरी ६: लिहिलेलं वाचा, बरंचसं फुकट आहे

ग्रे आयर्न कास्टिंगचं भारतीय मानक आयएस २१० आणि एसजी आयर्नचं (गोळ्यांच्या रूपात ग्रॅफाइट असलेल्या लोखंडाचं) आयएस १८६५. भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवर नाव नोंदवून भारतीय मानकं मोफत उतरवता येतात. ड्रॉइंगवर ‘एफजी २६०’ (ग्रे आयर्नची एक प्रत) लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ग्राहकाला फोन करून विचारण्याआधी तिथे बघा. लोखंड कसं गोठेल याचा अंदाज देणाऱ्या कार्बन इक्विव्हॅलंटचं सोपं सूत्र, म्हणजे कार्बन अधिक सिलिकॉन व फॉस्फरसच्या बेरजेचा एक तृतीयांश, भट्टीजवळ फळ्यावर लिहून ठेवा. आयआयटी मुंबईच्या ई-फौंड्रीवर कास्टिंग कसं गोठतं याचे धडे आणि ऑनलाइन सिम्युलेशन मोफत आहे, एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर व्याख्यानं आहेत. रायझर कुठे हवा हे लोखंड ओतण्याआधी पडद्यावर बघता येत असेल तर पॅटर्न दोनदा कापण्याचा खर्च वाचतो.

पेटंट वाचायची सवय आपल्याकडे जवळजवळ नाही. पेटंट अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि त्यात कृती तपशिलाने लिहावी लागते. पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं. मुदत संपलेलं पेटंट कुणीही वापरू शकतो. परदेशात घेतलेलं पण भारतात न घेतलेलं पेटंट भारतात लागू होत नाही, मात्र तो माल त्याच देशात निर्यात करणार असाल तर वकिलाला विचारा. शोध भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर किंवा गूगल पेटंट्सवर फुकट करता येतो.

पायरी ७: कॉलेज आणि संस्था

इथे थोडक्यात. ‘आमचं रिजेक्शन कमी करून द्या’ असा प्रश्न घेऊन गेलात तर वर्षभराने एक जाडजूड प्रोजेक्ट रिपोर्ट मिळेल. ‘या पार्टच्या या कोपऱ्यात, पावसाळ्यात, दुसऱ्या पाळीत पिन होल जास्त येतात, हे सहा महिन्यांचे आकडे’ असा प्रश्न नेलात तर शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही काम करून जातो. संस्थांचा वेग तुमच्या डिलिव्हरीच्या वेगाशी जुळणार नाही, तेव्हा उद्याच्या डिस्पॅचचा प्रश्न तिथे नेऊ नका.

पायरी ८: हे सगळं समजणारा एक माणूस आत हवा

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे जनरल मोटर्स आणि टोयोटाने १९८४ मध्ये नुम्मी हा संयुक्त कारखाना सुरू केला. जुन्या, भांडणांसाठी बदनाम कारखान्यातलेच बरेच कामगार परत घेतले आणि थोड्याच काळात तिथली गुणवत्ता जपानी कारखान्यांच्या जवळ गेली. जनरल मोटर्सने आपले व्यवस्थापक तिथे शिकायला पाठवले. ते शिकलेही. पण परत आल्यावर ते वेगवेगळ्या कारखान्यांत विखुरले आणि ती पद्धत समजणारं तिथे आजूबाजूला कुणी नव्हतं. कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइस कारखान्यात ती रुजवायचा प्रयत्न फसला आणि तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. ज्ञान उघड्यावर ठेवलेलं होतं, त्याच राज्यात. घ्यायला आत जागा नव्हती.

छोट्या फौंड्रीला मोठा विभाग परवडत नाही. पण मेटलर्जीचा एक डिप्लोमाधारक, ज्याच्यावर डिस्पॅचची जबाबदारी नाही, परवडतो. बहुतेक मालक अशा माणसाला घेतात आणि दुसऱ्याच महिन्यात त्याला गाड्या भरायला उभं करतात. तसं करायचं असेल तर घेऊ नका. त्याचं काम वही, ट्रायल आणि बाहेरच्यांशी बोलणं, एवढंच. मेस्त्रीचं म्हणणं मानकाच्या भाषेत आणि मानकातलं मेस्त्रीच्या भाषेत सांगता येणारा हाच एक दुवा असतो. म्हणून निवडताना गुणांपेक्षा तो मेस्त्रीसमोर कसा बोलतो ते बघा.

पायरी ९: तिमाहीला मोजा

एका तिमाहीत दोन किंवा तीनच प्रश्न घ्या आणि प्रत्येकाला एकच मुख्य स्रोत नेमा. कडांच्या चिलसाठी इनॉक्युलंटवाला आणि आपला लॅडलवाला, ऑइल गॅलरीसाठी ग्राहकाचा इंजिनिअर, असं. तिमाही संपली की प्रत्येक स्रोतासमोर लिहा: त्याच्यामुळे कोणता निर्णय बदलला, त्याने कोणता आकडा हलला, आणि खर्च किती आला. आकडे मोजकेच ठेवा: आतलं रिजेक्शन, ग्राहकाकडून परत आलेला माल, टनामागे वीज, नवा पार्ट पास व्हायला लागलेल्या ट्रायल. ज्या स्रोताने सलग दोन तिमाही काही हलवलं नाही, त्याच्यावरचा वेळ कमी करा, मग तो कितीही नामांकित असो.

तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. पावसाळ्यात वाळू दमट असते, कोअर ओल धरतात, वायूचे दोष वाढतात. ऑक्टोबरमध्ये ते आपोआप उतरतात आणि जो कोणी सप्टेंबरमध्ये सल्ला देऊन गेला असेल त्याला उगाच श्रेय मिळतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि लग्नसराईत माणसं बदललेली असतात, तेही समासात लिहा.

आणि एक खबरदारी पहिल्या दिवसापासून. बाहेर विचारायला जाताना ग्राहकाचं ड्रॉइंग मोबाइलवर फिरवू नका. दोषाचा फोटो चालतो, पण पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव आणि टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) झाकून. ज्या ग्राहकाशी गोपनीयतेचा करार आहे त्याच्या पार्टबद्दल बाहेर विचारण्याआधी त्याची लेखी परवानगी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेलं ड्रॉइंग संध्याकाळपर्यंत तुमच्या स्पर्धकाच्या पॅटर्नवाल्याकडे पोहोचलेलं असतं.